रिकाम्या हाताने

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी डब्लिनला असते. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मागच्या वर्षी अचानक पोटात दुखू लागलं आणि तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. आम्हाला कळलं ते सगळं पार पडल्यावर. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, इथे सगळं छान आहे गं. जेवण वेळेवर, नर्स प्रेमळ. फक्त शेजारच्या खाटेवरच्या आजींकडे दिवसभर माणसं येतात आणि माझ्याकडे कोणी नाही." रडली नाही पोरगी, पण मावशीला कळतंच.

हॉस्पिटलचं नाव तिने सांगितलं, सेंट जेम्सेस. फोन ठेवल्यावर ते नाव डोक्यात घोळत राहिलं. हे आपण कुठे वाचलंय? दोन दिवसांनी आठवलं. आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी दिलेल्या एका पुस्तकामुळे मी ते नाव एकदा शोधून काढलं होतं. आणि मग १९९४ साल सगळंच्या सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

त्या वर्षी आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाच आठवडे हॉस्पिटलात होते. मी तेव्हा वसईकडच्या एका मराठी शाळेत शिकवत होते. सकाळची शाळा करायची, डबा घेऊन हॉस्पिटल गाठायचं, रात्री घरी येऊन वह्या तपासायच्या, असा क्रम. पहिल्या आठवड्यात भेटायला खूप लोक आले. शहाळी, मोसंबी, ग्लुकोजची बिस्किटं, पलंगाखाली जागा उरली नाही. दुसऱ्या आठवड्यात निम्मे झाले. तिसऱ्यात सख्खे तेवढे. मी कुणाला दोष देत नाही, ज्याला त्याला आपापला संसार असतो.

पण शिवणाच्या बाई मात्र दर गुरुवारी चारच्या सुमारास हजर. त्या कॅथलिक, वसईच्याच. बरोबर एक वयस्क बाई असायच्या, त्यांचं माझ्याशी काही नातं नाही की ओळख नाही. दोघी येऊन बसायच्या, ह्यांना दोन शब्द विचारायच्या, उत्तराची वाट बघायच्या. उत्तर यायचं नाही, तरी वाट बघायच्या. आणि निघायच्या आधी पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे जायच्या. त्याला भेटायला कुणी येत नसे. त्याच्याजवळ त्या आमच्याहून जास्त वेळ बसायच्या.

आता एक कबुली देते. दोघी कधीही, म्हणजे एकदाही, हातात काही घेऊन आल्या नाहीत. केळं नाही, बिस्किटाचा पुडा नाही. आपल्याकडे आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. मी बहिणीला म्हटलं होतं, "दोघींचा पगार आणि पेन्शन काय बँकेतच राहायचं आहे का?" कंजूष म्हणून मोकळी झाले. आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

चौथ्या गुरुवारची गोष्ट. ह्यांनी डावा हात थोडा उचलला आणि अडखळत म्हणाले, "आज... गुरुवार... ना?" झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं धड वाक्य ते. साडेतीन वाजले होते.

पुढे हे घरी आले, काठी घेऊन चालू लागले. शाळेत एकदा मधल्या सुट्टीत मी बाईंना सरळच विचारलं, "तुम्ही कधी काही आणत का नव्हता हो?" त्या हसल्या. म्हणाल्या, "बाई, आमचा नियमच आहे तसा. काही द्यायचं नाही. आपण हातात काही घेऊन गेलो की माणूस आपल्या हाताकडे बघतो." आणि दुसऱ्या दिवशी एक जाडसर पुस्तक आणून दिलं. त्यांच्या संघटनेचं नियमपुस्तक होतं. संघटनेचं नाव लीजन ऑफ मेरी, म्हणजे मरियामातेची पलटण म्हणा ना. मी इतिहास शिकवणारी. नियम बाजूला ठेवून आधी हे सुरू कसं झालं तेच शोधू लागले.

तर वाचकहो, ही गोष्ट सुरू होते ७ सप्टेंबर १९२१ रोजी, बुधवारी रात्री आठ वाजता, डब्लिनच्या फ्रान्सिस स्ट्रीटवरच्या मायरा हाउस नावाच्या इमारतीत. आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्धची लढाई थांबून जेमतेम दोन महिने झाले होते. त्या खोलीत पंधराएक बायका जमल्या होत्या, बहुतेक विशीच्या आसपासच्या, नोकरी करून पोट भरणाऱ्या. एक धर्मगुरू होते, फादर मायकेल टोहर, आणि एक सरकारी खात्यातले नोकर, फ्रँक डफ. टेबलावर कुणीतरी आधीच पांढरं कापड अंथरून मरियामातेची मूर्ती, दोन मेणबत्त्या आणि दोन फुलदाण्या मांडून ठेवल्या होत्या. आज जगात कुठेही ह्यांची बैठक भरली तरी टेबल असंच मांडतात.

ह्या बायका जमल्या कशासाठी? त्याच इमारतीत सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची मंडळी भेटत. त्या संस्थेतले पुरुष साउथ डब्लिन युनियनमधल्या आजाऱ्यांना भेटायला जात. त्याचं वर्णन ऐकून बायका म्हणाल्या, आम्हालाही असंच काम हवं. युनियन म्हणजे इंग्रजांच्या गरीब-कायद्याखाली चालणारं मोठं आश्रयगृह. म्हातारे, निराधार, आजारी, सगळे एकाच आवारात. तिथे जावं लागणं हीच मोठी नामुष्की समजली जायची. आज त्याच जागेवर सेंट जेम्सेस हॉस्पिटल उभं आहे. माझी भाची जिथे एकटी पडली होती, तेच!

त्या रात्री ठरलं ते एवढंच. युनियनमधल्या बायकांच्या वॉर्डात जायचं. दोघीदोघींनी जायचं. आणि पुढच्या आठवड्यात परत जमून काय झालं ते सांगायचं. अध्यक्ष कोण? खोलीत एक धर्मगुरू आहेत, एक हुशार सरकारी अधिकारी आहेत, तरी अध्यक्ष झाल्या एलिझाबेथ कर्वन नावाच्या बाई, त्या मुलींपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. ह्या आयर्लंडमध्ये पुढे १९३४ पासून १९५८ पर्यंत प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेने लग्न केलं की राजीनामा द्यायचा, असा नियम होता. मी त्या देशात असते तर लग्नाबरोबर माझा खडू सुटला असता. अशा समाजात बायकांनी अध्यक्षपद, चिटणीसपद, हिशेब, सगळं स्वतः चालवायचं ही गोष्ट लहान नाही. पहिली आठ वर्षं ही संघटना बायकांचीच होती. पुरुषांची पहिली शाखा निघाली १९२९ मध्ये. 'लीजन' हे नावही १९२५ सालचं. त्याआधी साधं दयामातेचं मंडळ होतं. नाव बदललं तशी बाकीची भाषाही रोमन पलटणीची आली. शाखेला प्रेसीडियम म्हणायचं, वरच्या समित्यांना कूरिया, सेनातुस वगैरे. रोमन निशाणाच्या टोकावर गरुड असे, ह्यांनी तिथे कबुतर बसवलं.

आता त्यांचं वर्ष कसं जातं ते सांगते, कारण मला त्यातच खरी गंमत वाटली.

वर्षाचा मोठा दिवस मार्चमध्ये, २५ तारखेच्या आसपास. त्याला आचिएस म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये लढाईला उभी राहिलेली रांग. त्या दिवशी सगळे सभासद चर्चमध्ये जमतात. एकेकजण, संख्या जास्त असेल तर दोघंदोघं, पुढे होऊन त्या निशाणाच्या काठीवर हात ठेवतात आणि आपण मरियामातेचे आहोत असं मोठ्याने म्हणून जागेवर येतात. बस्स. हार नाही, भाषणबाजी नाही. हा कार्यक्रम मात्र कुणाला चुकवता येत नाही.

मग वर्षातून एखादी सहल किंवा यात्रा. सप्टेंबरात मरियामातेच्या जन्माचा सण असतो ८ तारखेला, त्याच्या आसपास प्रत्येक शाखा आपला छोटा समारंभ करते. त्याला बाहेरच्या माणसांनाही बोलावलं तर चालतं. मला बाईंनी एकदा नेलं होतं. चहा, वेफर्स, घरचा केक, दोन गाणी, एक नाटुकली आणि त्याच्या अध्येमध्ये प्रार्थना. मी आपल्या हळदीकुंकवाला बसल्यासारखी बसले होते. कोणी मला परकी वाटू दिलं नाही. नोव्हेंबरात दिवंगत सभासदांसाठी मिस्सा असतो, आणि तो आपल्याच शाखेतल्या नव्हे तर जगभरातल्या दिवंगत सभासदांसाठी. डिसेंबरात ८ तारखेच्या सुमाराला वार्षिक मेळावा. मधे केव्हातरी खजिनदाराचे हिशेब तपासून घ्यायचे. झालं वर्ष!

मी बाईंना म्हटलं, "एवढंच? आमच्या शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा याहून जास्त धावपळ असते." त्या म्हणाल्या, "कार्यक्रम एवढेच. काम आठवड्याचं असतं."

आणि तेच खरं. वर्षाचे ते चारपाच दिवस फोटो काढण्यासारखे. बाकी बावन्न आठवडे फोटो काढण्यासारखं काही नसतं. दर आठवड्याला बैठक, तीही दीड तासाच्या आत संपवायची. आणि बैठकीपलीकडे दोनेक तासांचं नेमून दिलेलं काम. अमुक वॉर्ड, तमुक घर. एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. परत आल्यावर प्रत्येकीने आपल्या कामाचा वृत्तांत तोंडी द्यायचा. 'गेले होते, पण घर बंद होतं' हाही वृत्तांतच. चिटणीस ते लिहून घेणार आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवणार. पैशाचीही रीत पाहण्यासारखी. बैठकीत एक पिशवी फिरते, प्रत्येकजण मूठ आत घालते. कोणी किती टाकले, टाकले की नाही, कुणाला कळत नाही. गरीब सभासदाची मान खाली जात नाही.

आयुष्यभर हजेरीपट भरलेल्या बाईला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. मूल एक दिवस हुशारीने उत्तर देतं त्याचं कौतुक असतंच, पण वर्ग चालतो तो रोजच्या हजेरीवर. चांगल्या मनाची माणसं आमच्या वॉर्डातही पहिल्या आठवड्यात पुष्कळ आली होती. तिसऱ्या आठवड्यात यायला मन पुरत नाही. तिथे वार ठरलेला लागतो, जोडीदार लागतो आणि 'गेला होतात का?' असं विचारणारं कुणीतरी लागतं.

एक शंका मात्र मला होती. आमच्या शेवटच्या आठवड्यात मी बाईंजवळ एकदा फार मोकळी झाले होते. पैशाची ओढाताण, सासरचे बोल, सगळं बोलून गेले. रात्रभर झोप नाही, उद्या स्टाफरूममध्ये चर्चा होणार म्हणून. कुठेच काही आलं नाही. पुढे त्या वृत्तांताबद्दल कळलं तेव्हा विचारलं, "मग माझंही बैठकीत सांगितलं असेल?" बाई म्हणाल्या, "भेट झाली, एवढं सांगितलं. तुमचं ते तुमचं."

आता त्या 'काही द्यायचं नाही' या नियमाबद्दल. पुस्तकात तो अगदी स्पष्ट आहे. जुने कपडेसुद्धा द्यायचे नाहीत. मदत वाटणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याकडे गरजूची वाट करून द्यावी, पण आपण देणारे होऊ नये. एकदा देणं-घेणं आलं की सगळी घरं सारख्या मोकळेपणाने उघडत नाहीत, असा विचार. मला हा नियम पूर्ण पटला असं नाही. पोटात अन्न नसलेल्या माणसाला गप्पा काय कामाच्या? पण आमच्या पलंगाखालची ती शहाळी मला आठवतात. ती आम्ही शेवटी वॉर्डबॉयना वाटून टाकली. गुरुवार मात्र वाटता आले नाहीत, ते ह्यांनी स्वतःसाठी राखून ठेवले.

आणि ज्यांना नुसत्या भेटीने पुरणार नाही अशी माणसं समोर आली तेव्हा ह्या बायका नियमाचं पुस्तक पुढे करून थांबल्या नाहीत. १९२२ मध्ये डब्लिनच्या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या खोल्यांवर त्या जाऊ लागल्या. चांगल्या घरच्या मुलींनी तिथे पाऊल टाकणं म्हणजे काय, विचार करा! त्यातल्या तेवीस जणी बाहेर पडायला तयार झाल्या. आता त्यांना ठेवायचं कुठे? देशात यादवी युद्ध पेटलेलं, तरी जुलै १९२२ मध्ये हारकोर्ट स्ट्रीटवर त्यांच्यासाठी घर उघडलं. संघटनेच्या बायका तिथे पगाराशिवाय राहून काम करू लागल्या. १९२७ मध्ये बेघर पुरुषांसाठी एक वसतिगृह निघालं आणि ऑक्टोबर १९३० मध्ये बायकांसाठी 'रेजिना चेली'.

ह्या शेवटच्या घराबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. त्या काळी आयर्लंडमध्ये लग्नाआधी मूल झालेल्या बाईला समाजात जागा नव्हती. तिला आई-बाळ गृहात पाठवत. पुष्कळदा पुढे आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे. रेजिना चेलीत आईने मूल जवळ ठेवायचं ठरवलं तर तिला ठेवता येत होतं. आया बाहेर कामाला जात. त्या कामावर असताना तिथेच राहणारी दुसरी एखादी आई चारसहा मुलं सांभाळी. सरकारने अशा आईला भत्ता द्यायला सुरुवात केली ती १९७३ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी.

पण इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा, असं मी मुलांना शिकवलं, तेव्हा मलाही सुटका नाही. जानेवारी २०२१ मध्ये आयर्लंड सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९२२ ते १९९८ या काळातल्या अठरा संस्थांची चौकशी त्यात आहे. त्या सगळ्या मिळून नऊ हजारांच्या आसपास मुलं दगावली. त्या यादीत रेजिना चेलीही आहे. दाटीवाटी, पैशाची चणचण, साथीचे रोग, तिथेही कितीतरी तान्ही बाळं गेली. मन चांगलं असून, नेम पाळूनही, बाळाला लागणारं दूध, औषध, मोकळी हवा कुठून तरी यावीच लागते. तिथे नुसतं शेजारी बसून भागत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. बाई असत्या तर त्यांच्याशी यावर भांडले असते.

आणखी एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. एडेल क्विन. जन्म १९०७. क्षयाने दीड वर्ष सॅनेटोरियममध्ये काढलेली मुलगी. बरी झाली म्हणावं इतकीही बरी नव्हती. १९३६ मध्ये संघटनेने तिला पूर्व आफ्रिकेत पाठवलं. केनिया, युगांडा, टांगानिका, मॉरिशस. एका जुन्या खटारा मोटारीला ती गमतीने रोल्स रॉइस म्हणायची. गावोगाव जाऊन तिने शाखा उभ्या केल्या आणि १२ मे १९४४ रोजी नैरोबीत ती गेली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. बाईंच्या नियमपुस्तकात तिचा एक फोटो खूण म्हणून ठेवलेला होता.

कोणी म्हणेल, हे सगळं धर्मासाठीच ना? हो, धर्मासाठीच. त्यांच्या पुस्तकात ते कुठेही लपवलेलं नाही. प्रार्थना आणि सेवा यांतून सभासदाने स्वतः चांगलं व्हावं आणि आपल्या देवाचा गौरव करावा हाच हेतू. दुसऱ्यांना चर्चच्या जवळ आणणं हेही त्यांच्या कामात येतं. पण बाईंनी पाच आठवड्यांत धर्माचा शब्द माझ्याजवळ काढला तो एकदाच. "तुमच्या मिस्टरांसाठी घरी प्रार्थना केली तर चालेल ना?" मी म्हटलं, "करा की, मीही माझ्या गणपतीला सांगतेच आहे." त्या म्हणाल्या, "मग दोघींनी करू."

हे गेले २००३ मध्ये. बाई २०११ मध्ये गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते. गर्दी खूप होती आणि त्यात ओळखीचे चेहरे फार थोडे. कोण एवढी माणसं, असं मनात येत होतं. मग माझ्या शेजारची एक म्हातारी बाई आपणहून म्हणाली, "माझ्याकडे मंगळवारी यायच्या."

आता मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त बाई राहतात. मुलगा परदेशात, गुडघे पार गेलेले. भाचीच्या त्या फोननंतर मी ठरवलं की दर गुरुवारी चार वाजता त्यांच्याकडे जाऊन बसायचं. मला ना संघटना, ना बैठक, ना जोडीदार, त्यामुळे खाडे फार होतात. कधी पाहुणे, कधी माझीच कंबर. गेल्या पावसाळ्यात ओळीने तीन गुरुवार चुकले. बावन्न आठवडे म्हणजे किती असतात ते तेव्हा कळलं! सवयीने पहिल्या दिवशी हातात लाडूंचा डबा होता, जिन्यावरून परत फिरले आणि तो घरी ठेवून गेले.

ते तीन गुरुवार चुकवून गेले तेव्हा मनात कारणं जुळवत होते. त्यांनी काही विचारलं नाही. दार उघडून म्हणाल्या, "आज गुरुवार का?" आणि खुर्ची पुढे सरकवली.